माजी रहिवाशाचं टपाल

बळवंत उकिडवे यांना तोंडावर मी 'उकिडवेसाहेब' म्हणते. इथे मात्र तो 'तो'च राहील, कारण त्याच्याविषयी लिहायला बसले की आदरार्थी बहुवचन माझ्या हातून निघत नाही. दिल्लीला लक्ष्मीबाई नगरात, आमच्या सरकारी क्वार्टरांच्या ब्लॉकमध्ये तो दुसऱ्या मजल्यावर राहतो, मी तिसऱ्या. म्हणजे गेली दोन वर्षं मी त्याच्या डोक्यावर राहते आहे, पण तसं कुठे नोंदलेलं नसल्यामुळे त्याला ते मान्य नसावं.

मूळचा वाईचा. एकविसाव्या वर्षी दिल्लीला आला आणि एका मंत्रालयाच्या आवक-जावक विभागात चिकटला. आवक-जावक म्हणजे बाहेरून आलेल्या टपालावर नंबर घालायचा आणि आतून जाणाऱ्या टपालावर नंबर घालायचा. पाकिटात काय आहे, कुणाचं घर चालणार आहे की बुडणार आहे, याच्याशी संबंध नाही. माणसं अशा विभागातून बदली मिळावी म्हणून साहेबांच्या मागे लागतात. उकिडव्याने अडतीस वर्षांत एकदाही बदली मागितली नाही. सरकारने त्याला शेवटी सेक्शन ऑफिसर केलं, ते हुशारी बघून नव्हे. इतकी वर्षं एकाच जागी उभ्या असलेल्या माणसाला कधीतरी खुर्ची द्यावी लागते, म्हणून.

ऑफिस तो ऑफिसात ठेवून आला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्याने घरीही एक आवक रजिस्टर ठेवलं आहे. सरोजिनी नगरच्या बाजारातून घासाघीस करून आणलेलं, लाल पुठ्ठ्याचं. फ्रिजवर एक प्लॅस्टिकचा ट्रे, त्यात आलेलं टपाल. विजेचं बिल येवो की लग्नाची पत्रिका, आधी नंबर, तारीख, कुणाकडून, कुणाला, मग पाकीट फोडायचं. बहिणीची राखी आली तरी आधी नोंद, मग मनगट. अलकनंदावहिनी, म्हणजे त्याची बायको, ही गोष्ट सांगताना हसायच्या. आता हसत नाहीत.

त्याच्या आधी त्या क्वार्टरमध्ये विठ्ठल नलावडे राहायचे. दुसऱ्या एका मंत्रालयात क्लार्क. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा माणूस. सेहेचाळिसाव्या वर्षी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये रांगेत उभे असताना छातीत कळ आली आणि गेले. मागे बायको सुखदा आणि मुलगी वल्लरी. क्वार्टर ठेवायची जेवढी मुदत मिळते तेवढी त्यांनी काढली आणि मग फरीदाबादला एका खोलीत राहायला गेल्या. सुखदा तिथे तयार कपड्यांच्या कारखान्यात शर्टांचे सुटलेले दोरे कापते. पाय सुजेपर्यंत उभं राहायचं काम आहे.

तिचा सगळा जीव एका अर्जात अडकला होता. नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्या एकाला अनुकंपा म्हणून नोकरी मिळू शकते. जागा बोटांवर मोजण्याएवढ्या, अर्ज ढीगभर. वर्षातून एकदा समिती बसते, आणि ज्यांचा विचार करायचा त्यांना मूळ कागदपत्रं घेऊन या म्हणून पत्र जातं. त्या तारखेला हजर नसाल तर तुमचं नाव त्या वर्षापुरतं गेलं. सुखदाने अर्ज केला तेव्हा ती क्वार्टरमध्येच राहत होती, म्हणून अर्जावर पत्ता तिथला. पत्ता बदलल्याचा कागद तिने दोनदा दिला, दोन्ही वेळा पोचही मिळाली. कागद फाइलपर्यंत मात्र पोचला नाही. म्हणजे ते पत्र येणार होतं ते उकिडव्याच्याच दारात.

म्हणून ती दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दोनदा मेट्रो बदलून यायची. अडला हरी, दुसरं काय.

पहिल्यांदा आली त्या दिवशी मी तिथेच होते. तिला जिना चढताना बघून मीच खाली आले होते. उकिडव्याने तिला ओळखलं होतं. क्वार्टरचा ताबा घेताना चाव्या त्याने तिच्याच हातून घेतल्या होत्या. तरी तो म्हणाला, "मिसेस नलावडे, ओळखपत्र आणलंय का?"

तिने पर्समधून आधार कार्ड काढून दिलं. त्याने चष्मा वर करून ते वाचलं, उलटं केलं, परत वाचलं.

"ह्याच्यावर तर इथला पत्ता आहे."

"हो साहेब. अजून बदलून व्हायचाय."

"पण इथे तर मी राहतो."

त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच अडचण होती. थट्टा करत असता तर मी त्याला माफ केलं असतं. शेवटी त्याने रजिस्टरात एक पान उघडलं, वर लिहिलं 'नलावडे वि. (माजी)' आणि त्याखाली शेरा, 'दिवंगत'. बायकोचं, मुलीचं, बँकेचं, विम्याचं, सगळं टपाल त्याच पानावर. पत्त्याच्या रकान्यात त्याने आधार कार्डावरचा पत्ता लिहिला, म्हणजे स्वतःच्याच घराचा. फरीदाबादचा लिहा, असं सुखदा म्हणाली तर तो म्हणाला, "त्याला पुरावा नाही." मग तिची सही घेतली आणि विम्याची दोन पाकिटं दिली. त्या दोन पाकिटांसाठी बाईचा अर्धा दिवस गेला होता आणि अलकनंदावहिनींनी केलेला चहा टेबलावर गार झाला होता.

फोन करून 'काही आलंय का' असं विचारायची सोय नव्हती. टपालाची माहिती फोनवर देता येत नाही, असं त्याने पहिल्याच फोनला सांगितलं. तो देशाच्या सीमेवर बसलेला नव्हता, दुसऱ्या मजल्यावर बसला होता, पण नाकापेक्षा मोती जड. अलकनंदावहिनींनी एकदा त्याच्या माघारी सुखदाला फोन करून बँकेचं पाकीट आल्याचं सांगितलं. ते त्याला कळलं. तो ओरडला नाही, तो कधीच ओरडत नाही. जेवताना शांतपणे म्हणाला, "उद्या काही कमी-जास्त झालं तर जबाबदार कोण, तू की मी?" आणि वहिनींनी पुन्हा फोन केला नाही. तीस वर्षांच्या संसारात असे प्रश्न त्यांना इतके विचारले गेले होते की उत्तर द्यायची सवयच मोडली होती. हे त्यांनीच मला गच्चीत कपडे वाळत घालताना सांगितलं.

असं वर्षभर चाललं. मग गेल्या ऑक्टोबरात उकिडव्याला वाटलं की आपण सरकारी नोकर असून दुसऱ्याच्या टपालाचं फुकटचं पोस्ट ऑफिस चालवतो आहोत, आणि आठ महिन्यांवर रिटायरमेंट आलेली असताना हे बरोबर नाही. चारचौघांसारखा माणूस असता तर सुखदा पुढच्या शनिवारी आल्यावर म्हणाला असता, 'वहिनी, आता दुसरी काही व्यवस्था बघा.' उकिडव्याने नोटीस काढली. टाइप करून, विषय आणि संदर्भ घालून. 'माजी रहिवाशांचे टपाल दिनांक एक नोव्हेंबरपासून स्वीकारले जाणार नाही व योग्य त्या शेऱ्यासह परत पाठविण्यात येईल.' खाली सही.

आता ही नोटीस पाठवायची कुठे? त्याने रजिस्टर उघडलं. पत्त्याच्या रकान्यात जो पत्ता होता तोच त्याने पाकिटावर घातला आणि स्पीड पोस्टाने पाठवून दिली.

तिसऱ्या दिवशी डाकियाने ती त्याच्याच दारात आणून दिली. वहिनींनी सही करून घेतली. संध्याकाळी उकिडव्याने स्वतःच पाठवलेलं पाकीट हातात घेतलं, त्यावर आवक नंबर घातला, 'नलावडे वि. (माजी)' च्या पानावर चढवलं आणि ट्रेमध्ये ठेवून दिलं. त्याच्या लेखी नोटीस बजावली गेली होती. पोस्टाची पावती होती, पोचल्याची नोंद होती. आणखी काय हवं?

हे मला पुढे कळलं. त्या वेळी मला कळली ती शिक्क्याची गोष्ट. एक दिवस जिन्यात भेटला तेव्हा त्याने पिशवीतून एक नवा रबरी शिक्का काढून मला दाखवला. सरोजिनी नगरला करून घेतला होता. 'प्राप्तकर्ता दिवंगत', खाली तेच इंग्रजीत.

"दर वेळी हाताने लिहायला नको," तो म्हणाला. "आणि अक्षरावरून वाद नको."

मी "अच्छा, बिल्कुल बरोबर" म्हणाले आणि वर येऊन पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं, तिथेही हशा पिकला. स्टेनोच्या नोकरीत असे किस्से फार कामाला येतात. सुखदाला एक फोन करावा, हे त्या हशात माझ्या डोक्यात आलं नाही.

नोव्हेंबरात सुखदा आली नाही. वल्लरीला टायफॉइड झाला होता. पोरगी बारावीला, अंगात ताप आणि उशाशी पुस्तकं. सुखदा कारखान्यातून सुटली की थेट हॉस्पिटलात जायची. त्याच महिन्याच्या नऊ तारखेला पत्र आलं. पाकिटावर नाव सुखदाचं, खाली 'पत्नी स्व. श्री विठ्ठल नलावडे'. उकिडव्याने ते रजिस्टरात चढवलं. कुठल्या पानावर? त्याच. आणि त्या पानाचा शेरा एकदाच ठरलेला होता, दिवंगत. तेव्हा त्या पानावर जे येईल त्यावर तोच शिक्का. त्याने उठवला. जिवंत बाईच्या नावावर, नीट, सरळ रेषेत, शाई न फासता. मग सही करून पाकीट परत पाठवलं.

समिती सत्तावीस तारखेला बसली आणि उठली.

डिसेंबरात सुखदा आली तेव्हा उकिडव्याने ट्रेमधली नोटीस तिच्या हातात दिली आणि तिने ती उभ्यानेच वाचली. काही पत्र परत गेलंय का, असं तिने विचारलं. एक गेलंय, असं त्याने रजिस्टर बघून सांगितलं, तारखेसकट. ती तशीच जिना चढून माझ्याकडे आली आणि सोफ्यावर न बसता उभ्याउभ्याच म्हणाली, "ताई, माझ्याबरोबर त्या ऑफिसात चलाल का? मला त्यांच्याशी बोलायला जमत नाही." सोमवारी मी रजा टाकून गेले.

तिथल्या क्लार्कने फाइल काढली. आधी फाइल बघितली, मग सुखदाकडे, मग परत फाइल.

"मैडम, सुखदा नलावडे आप ही हैं?"

"जी."

त्याने फाइल आमच्याकडे वळवली. परत आलेलं पाकीट टाचलेलं होतं, त्यावर तो सुबक शिक्का. खाली कुणीतरी टिपण लिहिलं होतं, अर्जदाराचे निधन झाल्याने प्रकरण बंद. सुखदाने स्वतःचं नाव वाचलं, शिक्का वाचला, टिपण वाचलं. ती रडली नाही. तिने साडीचा पदर नीट केला आणि विचारलं, "अब क्या करना होगा?"

माणूस वाईट नव्हता. म्हणाला, या वर्षीच्या जागा भरल्या, त्याला आता इलाज नाही. पण प्रकरण पुन्हा उघडून पुढच्या समितीपुढे ठेवता येईल. त्याला जूनच्या आत दोन कागद लागतील. एक सुखदाचा नवा अर्ज, आणि दुसरा त्या घरात राहणाऱ्याचं पत्र, की शिक्का चुकीने मारला गेला. "दो लाइन लिखवा के ले आइए. बस."

दोन ओळी. मी मनात म्हटलं, एवढं तर तो करेल. आपल्याच मातीतला माणूस आहे. मूर्ख मी.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघी त्याच्या दारात. त्याने आत बसवून सगळं ऐकून घेतलं, मग रजिस्टर आणलं. नोटीस काढल्याची तारीख दाखवली, बजावल्याची दाखवली, पत्र आल्याची, परत गेल्याची दाखवली. बोट रकान्यांवरून फिरत होतं आणि आवाजात एक प्रकारचं समाधान होतं. मला त्या बोटाची शिसारी आली.

"ह्यात चूक कुठे आहे, तुम्हीच सांगा."

"उकिडवेसाहेब," मी म्हणाले, "ही बाई तुमच्यासमोर जिवंत बसलीये."

"ते मी नाकारत नाही. पण लेखी चूक कबूल करणं वेगळं. जूनमध्ये माझी रिटायरमेंट आहे. असा कागद कुणाच्या फाइलला लागला, उद्या चौकशी निघाली, माझं पेन्शन अडलं, तर जबाबदार कोण?" मग तो सुखदाकडे वळला. "तुम्ही जूननंतर या. मी बघतो."

सुखदा म्हणाली, "काका, जूनपर्यंत तो कागद नाही गेला तर माझं नाव पुढच्या वेळीही येणार नाही." साहेबाचा काका झाला होता तो पहिल्यांदाच. "मी चूक म्हणत नाही. तुम्ही फक्त लिहा की मी जिवंत आहे."

"तसा दाखला द्यायचा अधिकार मला नाही."

हे वाक्य त्याने मान खाली न घालता उच्चारलं. मी आयुष्यात पुष्कळ भेकड माणसं बघितली, ऑफिसात आणि घरात. पण भीतीला एवढी इस्त्री करून घालणारा हा एकच. मला त्याच्या तोंडावर काहीतरी फेकावंसं वाटलं, आणि मी काहीच फेकलं नाही.

अलकनंदावहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या, धोब्याचा हिशोब लिहायची वही घेऊन बाहेर आल्या आणि टेबलाशी बसल्या. "हिंदीत लिहायचं की इंग्रजीत?" त्यांनी मला विचारलं. हिंदीत, मी म्हणाले.

"अगं, तुझ्या नावावर क्वार्टर नाही," उकिडवे म्हणाला.

"राहते तर इथेच ना." वहिनी लिहीत राहिल्या. मी अलकनंदा बळवंत उकिडवे, या घरात राहते. श्रीमती सुखदा नलावडे यांना मी ओळखते, त्या हयात आहेत, आज माझ्या घरी बसलेल्या आहेत. पाकिटावरचा शिक्का माझ्या नवऱ्याने चुकीने मारला. खाली सही, तारीख, फोन नंबर. पान फाडून सुखदाच्या हातात दिलं. "पाकीट नाहीये," त्या म्हणाल्या, "तसंच ने."

उकिडव्याने पत्र हिसकावून घेतलं नाही. त्याने फक्त विचारलं, "ह्याची एक कॉपी ठेवली का?" मग तो रजिस्टर घेऊन आतल्या खोलीत गेला. जूनमध्ये त्याचा सत्कार होईल, शाल-श्रीफळ मिळेल, अडतीस वर्षांत एकही कागद गहाळ होऊ दिला नाही असं कुणीतरी भाषणात म्हणेल. ते खोटंही नसेल. त्याच्या रजिस्टरात बघितलं तर आजवर कुणाचंच काही बिघडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते पत्र घेऊन गेलो. क्लार्कने वाचलं, "चलेगा" म्हणाला, आणि सुखदाला नव्या अर्जाचा फॉर्म दिला. बाकावर बसून ती तो भरायला लागली. नाव, जन्मतारीख, मृत कर्मचाऱ्याशी नातं. मग पत्रव्यवहाराचा पत्ता. तिथे तिचं पेन थांबलं. तिची खोली अकरा महिन्यांच्या कराराची. पुढच्या वर्षी समिती बसेल तेव्हा ती कुठल्या गल्लीत असेल, तिलाच ठाऊक नव्हतं.

आता जे सांगायचं आहे ते मी इतका वेळ टाळत आले आहे. ज्या दिवशी नलावड्यांचं सामान टेम्पोत चढत होतं, त्या दिवशी सुखदा जिना चढून वर आली होती. ती म्हणाली होती, "ताई, टपालासाठी तुमचा पत्ता दिला तर चालेल का? तुमच्याकडून मी घेऊन जात जाईन." आणि मी म्हणाले होते, "अगं, ह्यांना विचारून सांगते." ह्यांना मी विचारलंच नाही. कुणाचं कोर्टाचं, बँकेचं काय काय येईल, उगाच आपल्या मागे लफडं नको, असं माझं मीच ठरवलं आणि नंतर तो विषय काढला नाही. तिनेही काढला नाही. मग ती वर्षभर माझ्या खालच्या मजल्यावर येऊन सह्या करत राहिली, आणि मी उकिडव्याला हसत राहिले. त्याच्याकडे निदान एक मूर्खपणाचा नियम होता. माझ्याकडे तेवढाही नव्हता.

बाकावर तिच्या शेजारी बसून मी म्हणाले, "सुखदा, माझा पत्ता लिही. मी खरंच सांगते."

तिने माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"नको ताई," ती म्हणाली. "आमच्या खाली किराणावाला आहे, त्याचा देते. दुकान त्याच्या मालकीचं आहे, तो कुठे जात नाही. आणि तो देतो."

तिने दुकानाचं नाव लिहिलं, गल्ली लिहिली, पिन कोड लिहिला, आणि फॉर्म द्यायला खिडकीकडे गेली.